‘बिनविरोध’चा अभ्यास कोणत्या विभागात करायचा? राजकीय समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी

नीरेकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यात समाजशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी. ए.पर्यंतचे शिक्षण पुरंदर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले आणि आजही मी उत्तरपत्रिका मराठीतूनच लिहिते. राजकीय समाजशास्त्र हा माझा सर्वांत आवडीचा विषय असून लघुप्रबंधही त्यातच चालू आहे. पुढे पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. त्याबाबत येथील जाणकारांना काही विचारायचे आहे, पण प्रश्न विषयातूनच निर्माण झाले असल्याने आधी विषय सांगते.

आमच्या गावाची ग्रामपंचायत नऊ सदस्यांची आहे. मला आठवते तेव्हापासून तेथील बहुतेक निवडणुका बिनविरोध झाल्या. लहानपणी हा शब्द मी अभिमानानेच ऐकला. निवड झाली की वेशीवर फलक लागत असे, गुलाल उधळला जात असे आणि शेजारच्या गावात भांडणे झाली, आपल्याकडे मात्र एकी आहे, असे घरातली मोठी माणसे सांगत. एम. ए.च्या पहिल्या सत्रात जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर शिकताना सत्तेची व्याख्या आली: सामाजिक संबंधात, विरोध असतानाही, आपली इच्छा अमलात आणता येण्याची शक्यता. बाईंनी फळ्यावर ‘विरोध असतानाही’ या शब्दांखाली रेघ मारली आणि मला आमच्या वेशीवरचा तो फलक आठवला. जेथे विरोधच दिसत नाही तेथे सत्ता नाही असे म्हणायचे, की तेथे ती इतकी मुरलेली आहे की विरोध अर्जापर्यंतही पोहोचत नाही? माझा लघुप्रबंध या एका प्रश्नावर आहे.

गेल्या निवडणुकीत अर्ज माघारीच्या दिवशी मी गावातच होते. सकाळी मारुतीच्या देवळात बैठक बसली. सभामंडपात पुरुष आणि पायऱ्यांच्या खाली, लिंबाच्या सावलीत, आम्ही पाच-सहा बायका. बाहेरच्या चपला मी सहज मोजल्या, त्या साठाच्या वर होत्या. आत मात्र बोलत होते चौघे. स्त्रियांसाठी राखीव असलेल्या एका जागेवर दोन अर्ज आले होते, त्यांपैकी एकीने माघार घ्यावी असे ठरले. दुपारी बाराच्या सुमारास तिचे दीर माघारीचा अर्ज घेऊन आले, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला, तिने सही केली आणि तिला तहसील कार्यालयात नेण्यासाठी गाडी सुरू झाली. संध्याकाळी मी तिला विचारले, ‘वहिनी, माघार का घेतली?’ ती म्हणाली, ‘मी कुठं घेतली? मामंजींनी शब्द दिला होता.’

हे वाक्य मी वहीत तसेच्या तसे उतरवून घेतले आहे. त्या वाक्यातल्या ‘शब्द’ या शब्दाचे काय करायचे, हे मला अजून कळलेले नाही. तो आज्ञा नाही, करारही नाही, आणि ज्याने दिला त्याचा अर्ज नव्हता. इंग्रजी संदर्भग्रंथांत त्याला नेमका पर्याय मला सापडत नाही.

आता प्रश्न. पीएच.डी.साठी चौकशी करताना एका ठिकाणी मला ‘हा निवडणुकीचा विषय आहे, राज्यशास्त्राकडे जा’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘हे गावगाड्याचे समाजशास्त्र आहे, आमच्या चौकटीत बसणार नाही’ असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणी माणसे आदराने बोलली, परंतु मी दोन दारांच्या मधल्या जागेत उभी राहिले. तेव्हा हा विषय नेमका कोणाचा? सैद्धान्तिक वाचन कोणत्या क्रमाने करावे? आणि आपल्याच गावाचा, आपल्याच भावकीचा अभ्यास करणे कितपत योग्य? त्या चौघांमध्ये माझे सख्खे चुलते होते.


निवृत्त_अध्यापक

नीरेकाठताई, विषय फार चांगला निवडला आहे. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, तेव्हा ‘कोणाचा विषय’ या प्रश्नापासून सुरुवात करतो.

इटालियन राज्यशास्त्रज्ञ जोव्हानी सार्तोरी यांनी १९६९ साली एका लेखात ‘राजकारणाचे समाजशास्त्र’ आणि ‘राजकीय समाजशास्त्र’ यांत स्पष्ट फरक केला. पहिल्यात राजकारण हे समाजाचे प्रतिबिंब मानले जाते. जात, वर्ग, धर्म यांची मांडणी समजली की मतदान समजले, असे त्यात गृहीत असते. दुसऱ्यात दोन्ही बाजूंची कारणे एकत्र तपासावी लागतात. समाज राजकारणाला घडवतो हे खरेच, पण पक्ष, कायदा आणि निवडणुकीची पद्धत हेही समाजाला वळण लावत असतात. तुमच्याच गावाचे पाहा. त्या जागेवर दोन स्त्रियांचे अर्ज आले, कारण ती जागा राखीव होती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. कायद्याने जागा निर्माण केली आणि भावकीने ती भरली. यातला पहिला भाग एका विभागाला आणि दुसरा दुसऱ्या विभागाला देऊन टाकला, तर तुमचा प्रश्नच शिल्लक राहत नाही. त्यामुळे दोन दारांच्या मधली जी जागा तुम्हाला अडचणीची वाटते, तीच या विषयाची जागा आहे, असे माझे ठाम मत आहे.

पुण्यात तर ही जागा जुनी आहे. पुणे विद्यापीठातील प्रा. सिरसीकर राज्यशास्त्राचे, त्यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला, आणि ग्रामीण अभिजनांवरील त्यांच्या १९७० च्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच ‘राजकीय समाजशास्त्र’ हे शब्द आहेत. डॉ. द. ना. धनागरे समाजशास्त्राचे, त्यांनी शेतकरी आंदोलनांचा अभ्यास करताना जमीनधारणा आणि राजकीय संघटना यांना कधी वेगळे केले नाही. राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी राज्यशास्त्र विभागात राहून महाराष्ट्रातील जात आणि सत्ता यांच्या संबंधांवर जे लिहिले, ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही टाळता येत नाही. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक चळवळीवर बर्कलीला पीएच.डी. केली ती समाजशास्त्रात. ही माणसे कोणत्या विभागात बसत होती हे आज कोणी विचारत नाही.

आता वाचनाचा क्रम. सत्तेच्या चर्चेचा इतिहास तुमच्या प्रश्नाशी विलक्षण जुळतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. रॉबर्ट डाल यांनी १९६१ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत अशी की, वादाचे प्रत्यक्ष निर्णय घ्यायचे, त्यांत कोणाचा प्रस्ताव टिकला आणि कोणाचा पडला ते पाहायचे, आणि त्यावरून सत्ता कोणाकडे आहे ते ठरवायचे. ही पद्धत तुमच्या गावी नेली तर हाती काहीच लागणार नाही, कारण मतदानच झाले नाही. पीटर बाखराख आणि मॉर्टन बारात्झ यांनी १९६२ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, काही प्रश्न निर्णयाच्या टेबलावर येऊच न देणे, हाही सत्तेचाच व्यवहार आहे. तुमची देवळातली बैठक येथे बसते. पुढे १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स यांनी तिसरी पायरी मांडली. माणसाला आपले गाऱ्हाणे गाऱ्हाणे वाटूच नये, अशा रीतीने त्याच्या इच्छाच घडवल्या जात असतील तर काय, असा त्यांचा सवाल होता. वेशीवरचा फलक आणि एकीचा अभिमान येथे तपासायला हवा.

ल्यूक्स वाचून विद्यार्थी फार खूश होतात, आणि तेथेच घसरतातही. ‘लोकांना आपले हित कळत नाही’ असे म्हणणे संशोधकाला सोपे असते, सिद्ध करणे मात्र अतिशय अवघड. त्यावरचा उतारा म्हणून दोघांना वाचा. जॉन गॅव्हेंटा यांनी १९८० मध्ये ॲपलाचियाच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यातील लोक अन्याय असूनही गप्प का राहिले, याचा शोध घेतला. तो घेताना एकेका घटनेचा इतिहास खणून काढला. लोकांच्या मनात काय असेल याचे नुसते अंदाज बांधले नाहीत. जेम्स स्कॉट यांनी १९८५ मध्ये मलेशियातील एका भातशेतीच्या गावाविषयी दाखवले की, वरवर मान तुकवणारी माणसे पाठीमागे वेगळेच बोलत असतात. तुमच्या वहिनींचे ‘मी कुठं घेतली?’ हे मला तसेच पाठीमागचे बोलणे वाटते. तिला सगळे कळत होते.

‘शब्द’ या संकल्पनेविषयी सवडीने लिहितो.


आकडेमोड

सरांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यात एक मोठी उणीव राहिली आहे, ती नम्रपणे मांडते. एका गावातील एका दिवसावर आणि एका वाक्यावर प्रबंध उभा राहत नाही.

मी काही वर्षे निवडणूक सर्वेक्षणांत क्षेत्र-अन्वेषक म्हणून काम केले आहे. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे निवडून मिळालेली, तेवढ्याच माणसांकडे जायचे. घरी नाही म्हणून शेजाऱ्याला विचारायचे नाही. मत कोणाला दिले हा प्रश्न तोंडी न विचारता नमुना मतपत्रिका हातात द्यायची आणि ती घडी करून पेटीत टाकायला सांगायची. एका वस्तीवर एका आजींनी शिक्का मारण्याआधी पदर पुढे ओढून मुलाकडे पाठ केली, ते मला अजून आठवते. त्या मतपेटीमुळे त्यांना घरात न मिळणारी गुप्तता दोन मिनिटे मिळाली. बिनविरोध निवडीत ती दोन मिनिटेच नाहीशी होतात, ‘नोटा’चा पर्यायदेखील समोर येत नाही. नीरेकाठ, तुमच्या प्रबंधात हा मुद्दा यायला हवा. बैठकीत हात वर करून दिलेली संमती आणि पडद्याआड दिलेले मत या समाजशास्त्रीयदृष्ट्या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

पद्धतीविषयी माझी सूचना अशी. आपल्या तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींची गेल्या तीन-चार निवडणुकांची माहिती तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून मिळवा. एकूण दाखल अर्ज, छाननीत बाद झालेले अर्ज, माघार घेतलेले अर्ज आणि शिल्लक उमेदवार असे चार रकाने करा. गाव संपूर्ण बिनविरोध होते तेवढ्यावर थांबू नका. अनेक गावांत काही प्रभाग बिनविरोध होतात आणि काहींत लढत होते. एकाच गावातील असे दोन प्रभाग शेजारी ठेवले, तर गावाचा इतिहास, पाण्याची सोय, पुढारी हे सगळे समान राहते आणि फरक कशाने पडला ते शोधणे सोपे जाते. माघार घेणाऱ्यांत स्त्रिया किती, राखीव जागांवरचे उमेदवार किती, हे मोजा. जात पडताळणीचे कागद वेळेत न मिळाल्यामुळे एकच अर्ज उरला, असेही होऊ शकते. तो बिनविरोधपणा वेगळ्या प्रकारचा आहे आणि त्याला एकीही म्हणता येत नाही, वर्चस्वही म्हणता येत नाही.

लिलावाचा मुद्दाही विसरू नका. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका पदांच्या लिलावाच्या कारणावरून रद्द केल्या. कागदावर पाहिले असते तर तेही ‘बिनविरोध’च दिसले असते.


पेठेतला

छोटासा मुद्दा. ‘बिनविरोध’ हा खेड्यापुरता शब्द समजू नये. आमच्या पेठेतील मंडळाचे अध्यक्ष गेली कित्येक वर्षे बिनविरोध निवडले जातात. उत्सवाआधी बैठक होते, सूचक उभा राहतो, लगेच अनुमोदक उभा राहतो आणि टाळ्या पडतात. सूचक आणि अनुमोदक कोण असणार हे आदल्या रात्री ठरलेले असते, आणि त्या दोघांतला एक जण पुढच्या महापालिका निवडणुकीत प्रभागातून इच्छुक असतो. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये जर्मनीतील समाजवादी पक्षाचा अभ्यास करून दाखवले होते की, लोकशाहीचा आग्रह धरणाऱ्या संघटनेतही सूत्रे मोजक्यांच्या हाती जातात, कारण सभा बोलावणे, हिशेब ठेवणे, पत्रव्यवहार सांभाळणे ही कौशल्ये त्यांच्याकडे साठत जातात. मंडळाचे पावती पुस्तक कोणाच्या कपाटात असते एवढे पाहिले तरी मिशेल्स समजतो. धागाकर्तीने एखादे प्रकरण पुण्यातल्या अशा संस्थेवर ठेवले, तर गाव विरुद्ध शहर ही सोयीची विभागणी आपोआप सैल होईल.


नीरेकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोडताई, तुमचा चार रकान्यांचा तक्ता वाचून आधी थोडी दडपले, मग उत्साह वाटला. बाद अर्ज आणि माघारीचे अर्ज वेगळे मोजायला हवेत हे माझ्या लक्षातच आले नव्हते. वर्तमानपत्रांतील बातम्यांत ते एकत्रच येतात.

सर, एक शंका आहे. ‘प्रभुत्वशाली जात’ ही समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची संकल्पना मी वापरावी का? आमच्या गावात एका समाजाची संख्या आणि जमीन दोन्ही जास्त आहेत, त्यामुळे ती चपखल बसते असे वाटते. पण बैठकीत बोलणारे चौघे त्या समाजातील सगळ्यांच्या वतीने बोलत नव्हते. ज्या वहिनींनी माघार घेतली त्या त्याच समाजातल्या आहेत. दुसऱ्या बाजूला, गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीतून एकच अर्ज आला होता, राखीव जागेवर, आणि तो कोणी भरायचा हेही देवळातच ठरले होते. त्या वस्तीतले कोणी सभामंडपात नव्हते. मी खाली बसले होते आणि ते तर देवळाच्या आवारातही नव्हते, हे मला घरी येऊन टिपण लिहिताना जाणवले. तोवर मी स्वतःलाच सगळ्यांत बाहेर बसलेली समजत होते.


निवृत्त_अध्यापक

ताई, शेवटची तीन वाक्ये लघुप्रबंधात जशीच्या तशी जाऊ द्या. मार्गदर्शकांनी ‘व्यक्तिगत वाटते’ म्हणून काढायला सांगितली, तर पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात हलवा, पण सोडू नका.

श्रीनिवासांविषयी. संख्या, जमीन, राजकीय बळ, स्थानिक उतरंडीत फार खाली नसलेले स्थान आणि नव्या शिक्षणाचा लाभ, असे घटक एकत्र आले की जात प्रभुत्वशाली होते, अशी त्यांची १९५० च्या दशकातील मांडणी आहे. ‘व्होट बँक’ हा शब्दप्रयोगही त्यांच्याच म्हैसूरच्या गावावरील लेखनातून रूढ झाला. संकल्पना वापरा, पण ‘जात सत्ता चालवते’ असे वाक्य लिहू नका. जातीच्या आत घराणी असतात, घराण्यांत भाऊ असतात आणि भावांत ज्याच्याकडे सोसायटीचे किंवा कारखान्याचे संचालकपद आहे त्याचा आवाज मोठा असतो. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याच्या अभ्यासात गटांचे राजकारण याच पातळीवर पाहिले. जयंत लेले यांनी १९८१ मध्ये आणखी पुढे जाऊन विचारले की, बहुसंख्याक जातीचा अभिजन आपल्या जातीतील गरिबालाही ‘आपलेच राज्य आहे’ असे कसे पटवतो. तुमच्या वहिनी लेले यांच्या या प्रश्नात येतात आणि खालची वस्ती श्रीनिवासांच्या प्रभुत्वशाली जातीच्या प्रश्नात. एकाच देवळात दोन वेगळ्या तऱ्हेची वर्चस्वे काम करत होती. त्यांना एका नावाखाली आणण्याची घाई करू नका.

खालच्या वस्तीचे प्रकरण लिहिण्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ चे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील भाषण पुन्हा वाचा. खेड्याला प्रजासत्ताक मानून त्यावर राज्यघटना उभारा, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी तेथे जे उत्तर दिले आहे, ते ‘गावाची एकी’ या कल्पनेला सर्वांत कठोर उत्तर आहे. गावाची एकी ज्यांना आवाराबाहेर ठेवून साधली जाते, त्यांच्या बाजूने पाहिले तर त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला त्या वस्तीत जाऊन, तिथल्या माणसांकडूनच समजून घ्यावे लागेल.

आता ‘शब्द’. वेबरने अधिसत्तेचे, म्हणजे लोक रास्त मानतात त्या सत्तेचे, तीन आधार सांगितले: परंपरा, विलक्षण व्यक्तिमत्त्व आणि कायदा. विद्यार्थी लगेच ‘शब्द’ परंपरेच्या खणात टाकतात. मला ते अपुरे वाटते. ‘शब्द दिला’ म्हणजे देणाऱ्याने आपली पत गहाण ठेवली. तो मोडला तर गावात त्याचे वजन कमी होते. म्हणजे सासऱ्यांनी स्वतःची पत गहाण ठेवली आणि फेड सुनेने केली. कोणाची पत गहाण पडते आणि फेडावे कोणाला लागते, या अंतरात तुमची सगळी सत्ता दिसते आहे. शिवाय त्या शब्दाच्या बदल्यात सासऱ्यांना काय मिळाले किंवा मिळायचे होते, हे शोधा: पाण्याची पाळी, रस्ता, सोसायटीचे कर्ज, पुढच्या वेळची जागा? उत्तर ‘काहीच नाही’ असेही असू शकते.

भाषांतराची चिंता सोडा. इंग्रजीत लिहायची वेळ आली तर ‘शब्द’ तसाच ठेवा आणि दोन परिच्छेदांत समजावून सांगा. मराठीत लिहीत असाल तर अधिक जपा, कारण आपल्याला तो शब्द इतका सवयीचा आहे की वाचक त्यावरून सहज पुढे निघून जाईल. मराठी वैचारिक लेखनाची घडण पाहायची असेल, तर पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे जुने अंक काढून बसा. धुरीणत्व (हेजिमनी), अधिमान्यता (लेजिटिमसी), अभिजन (एलीट) हे शब्द मराठीत कसे रुळत गेले ते तेथे दिसते.


माजी_सदस्या

मी येथे क्वचितच लिहिते. दहा वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीची सदस्य होते, बिनविरोधच निवडले गेले होते. आता मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात राहते. आपल्या माणसांचा अभ्यास करावा की नाही, या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते आहे.

नीरेकाठ, तुम्ही अभ्यास जरूर करा, पण त्या वहिनींना विचारून करा. तुम्ही गावाचे नाव बदलाल, तिचे नाव बदलाल. तरीही नऊ जागांच्या गावात माघार घेणारी बाई एकच असेल तर वाचणाऱ्याला ती लगेच कळेल. ‘मी कुठं घेतली?’ हे ती तुमच्याजवळ संध्याकाळी, विश्वासाने बोलली. ते छापून तिच्या सासऱ्यांच्या हाती पडले तर त्याचा जाब पुण्यात राहणाऱ्या तुम्हाला द्यावा लागणार नाही, तिला द्यावा लागेल. आकडेमोड यांच्या सूचनेप्रमाणे अनेक गावे घेतलीत तर तिचे वाक्य अनेकींमध्ये मिसळून सुरक्षित राहील, हाही त्या पद्धतीचा एक फायदा आहे.

दुसरे असे की, बिनविरोध निवडून आलेल्या प्रत्येक बाईला नुसती बाहुली समजू नका. पहिले वर्षभर मी मासिक सभेच्या नोंदवहीत फक्त सही करत होते. दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकांना म्हटले, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा, त्याशिवाय सही होणार नाही. सभागृह शांत झाले. नळाच्या कामाची रक्कम त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली, आणि वस्तीपर्यंत जाणारी वाहिनी त्या रकमेत धरलेलीच नव्हती हेही कळले. निवडीच्या दिवशी मला कोणी विचारले नव्हते, पण खुर्ची कायद्याने माझी होती. तेव्हा अभ्यास माघारीच्या दिवशी थांबवू नका, पुढच्या पाच वर्षांच्या नोंदवह्या पाहा.


आकडेमोड

माजी_सदस्या यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. इतिवृत्ताची नोंदवही हे आकडे आणि माणसे यांना जोडणारे साधन आहे. कोण हजर, सूचक कोण, ठराव कशाचा, हे सगळे त्यात तारखेनिशी असते.

व्यावहारिक बाजूही सांगून टाकते. नेट किंवा सेट या अध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देताना पदव्युत्तर पदवीचा विषय महत्त्वाचा ठरतो आणि महाविद्यालयांतील जागाही समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र अशा स्वतंत्र निघतात. तुमची एम. ए. समाजशास्त्रातली आहे, तेव्हा नोंदणी तेथेच करावी आणि राज्यशास्त्रातील एखाद्या अध्यापकांकडे नियमित जाऊन वाचनाची चर्चा करावी, हे मला सोयीचे वाटते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेते, तिची तयारी लघुप्रबंधाबरोबर सुरू ठेवा. अधिछात्रवृत्तीसाठी (संशोधनासाठीच्या शिष्यवृत्तीसाठी) बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा; त्यांचे निकष वेगवेगळे आहेत.


नीरेकाठ

या रविवारी गावी जाऊन आले. वहिनींना भेटले आणि माजी_सदस्याताईंनी लिहिलेले सगळे त्यांना सांगितले. माझी वही उघडून त्यांचे वाक्यही दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मी म्हटले, नको असेल तर आत्ता खोडते. त्या म्हणाल्या, ‘खोडू नको. पण माझ्या नावावर नको, आणि आमचा पुतण्या पुण्याला शिकायला जाईपर्यंत छापू नको.’ ही अट मी त्यांच्यासमोरच वहीत लिहिली, तारीख घातली आणि खाली आम्ही दोघींनी सही केली.

मग त्यांनी आपणहून सांगितले की, सासऱ्यांनी शब्द दिला तो कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसाठी. दोन उन्हाळे पाळी मिळाली, तिसऱ्या उन्हाळ्यात मिळाली नाही. ‘मग आता पुढच्या वेळेला?’ असे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण फडताळातून प्लॅस्टिकच्या पिशवीतली मतदार यादी काढली. आपल्या प्रभागातल्या नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. खालच्या वस्तीतली नावेही त्यात होती, आणि त्यांतल्या काहींपुढे दोन दोन खुणा होत्या. त्या खुणांचा अर्थ मी विचारला नाही. यादीचा फोटोही घेतला नाही.

परवा तहसील कार्यालयात अर्ज देऊन आले. गेल्या चार निवडणुकांचे दाखल, बाद आणि माघारीचे आकडे मागितले आहेत. खालच्या वस्तीत जाण्यासाठी पुढचा रविवार ठरवला आहे. चुलत्यांना मात्र अजून काही सांगितलेले नाही.